सह्यांची गुंडाळी

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन. पार्लमेंटजवळच्या रस्त्यावर आम्ही उभयता, सून आणि नात असे चौघे सिग्नलला थांबलो होतो. वारा असा सुटला होता की पदर सावरावा की पिशवी सांभाळावी, काही कळेना. हिरवा दिवा लागला आणि नात ओरडली, "आजी, बघ, दिव्यात बाई!"

खरेच की! आपल्याकडे त्या दिव्यात चालणारा माणूस दिसतो. तिथे लांब झगा घातलेली बाई होती. ही केट शेपर्ड. २०१४ साली तिची आकृती तिथल्या सिग्नलवर बसवली. त्या देशाच्या दहा डॉलरच्या नोटेवरही तिचाच चेहरा आहे. ज्या बाईला सरकारने नोटेवर आणि सिग्नलवर बसवले, तिने केले तरी काय, हे पाहायलाच आम्ही निघालो होतो. २०२३ च्या सप्टेंबरात मुलाकडे राहायला गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट.

पार्लमेंटपासून चार पावलांवर राष्ट्रीय ग्रंथालय आहे. तिथे २०१७ पासून 'हे तोहू' नावाचे प्रदर्शन आहे. प्रवेश फुकट. आत तांबूस लाकडाची एक खोली आहे. जुन्या कागदांना उजेड सोसत नाही, म्हणून प्रकाश मंद ठेवलेला. त्या देशाचे तीन मोठे दस्तऐवज इथे जपले आहेत. पहिले दोन १८३५ आणि १८४० चे, माओरी लोकांच्या हक्कांशी जोडलेले. तिसरा दस्तऐवज म्हणजे कागदांची एक जाडजूड गुंडाळी. तीच केट शेपर्डची!

केट मूळची इंग्लंडमधल्या लिव्हरपूलची. १८६९ साली ती न्यूझीलंडला आली आणि ख्राइस्टचर्च शहरात राहिली. त्या काळी दारूने अनेक संसार धुळीला मिळवले होते. म्हणून बायकांनी १८८५ साली दारूविरोधी संघटना उभी केली. केट तिच्यात काम करू लागली. अर्ज-विनंत्या करून पाहिल्या, पण सरकार बायकांचे ऐकेना. का ऐकेल? बायकांना मतच नव्हते! गुत्त्याच्या मालकाला मत, आणि ज्या बाईचा संसार गुत्त्यात बुडाला तिला नाही. दारूशी लढायचे तर आधी मत हवे, हे या बायकांनी ओळखले.

मग त्या सह्या गोळा करू लागल्या. १८९१ साली नऊ हजारांवर सह्या झाल्या. कायदा झाला नाही. १८९२ साली सुमारे वीस हजार झाल्या. तरीही नाही. १८९३ साली त्या पुन्हा निघाल्या, आणि या वेळी ३१,८७२ सह्या जमल्या! तिथल्या युरोपीय वंशाच्या प्रौढ बायकांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा. ना टेलिफोन, ना मोटारी. दार वाजवायचे, समजावून सांगायचे आणि कागद पुढे करायचा. त्यावर्षी अशा तेरा याचिका गेल्या. त्यांतली सर्वांत मोठी तेवढी आज शिल्लक आहे.

केटने घरी बसून पाचशेवर कागद एकाखाली एक चिकटवले आणि झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळले. घरातला झाडूच चळवळीच्या कामी आला! ही गुंडाळी उलगडली तर २७० मीटर भरते. जॉन हॉल नावाच्या सभासदाने ती सभागृहात सोडली. ती उलगडत उलगडत गेली आणि शेवटी दांडा पलीकडच्या भिंतीवर धाडकन आदळला, असे सांगतात.

तरी विरोध होताच. पंतप्रधान सेडन विरुद्ध होते, दारूवाले तर होतेच. वरच्या सभागृहात अवघ्या दोन मतांनी, २० विरुद्ध १८, कायदा पार पडला. १९ सप्टेंबर १८९३ रोजी त्यावर सही झाली. स्वतःचा कारभार चालवणाऱ्या देशांत सर्व प्रौढ स्त्रियांना संसदेसाठी मत देणारा हा पहिला देश. माओरी स्त्रियाही त्यात होत्या. पहिल्याच निवडणुकीत नव्वद हजारांवर बायकांनी मत दिले. पण उभे राहण्याचा हक्क १९१९ साली मिळाला आणि पहिली स्त्री निवडून आली १९३३ साली. केट १९३४ साली वारली. एवढ्या लढ्यानंतर तिला संसदेत एकच स्त्री पाहायला मिळाली.

काचेपुढे उभे असताना आम्हाला आमच्या आजीची आठवण झाली. आपल्याकडे १९१७ साली काही शिकलेल्या स्त्रियांनी मॉन्टेग्यूकडे मताची मागणी नेली होती. पुढे मत आले तेही जमीन, कर आणि शिक्षण यांच्या अटीवर. जिच्याकडे यातले काहीच नव्हते त्या मजूर बाईचे काय? तिच्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मत मागितले, आणि संविधानाने ते दिले. आमच्या आजीला सहीसुद्धा येत नव्हती, तरी तिला मत मिळाले.

मात्र मत मिळाले तरी नाव लागतेच. पहिल्या निवडणुकीच्या याद्या बनवताना अनेक बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले. अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून गेली. त्यांतली बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली. आमची आजी मात्र मतदानाच्या दिवशी धुवट लुगडे नेसून रांगेत पुढे उभी राही आणि स्वतःचे नाव ठणकावून सांगे. घरात आयुष्यभर तिला कुणी नावाने हाक मारली नव्हती. वर्षानुवर्षांत तेवढी एकच जागा होती, जिथे तिला तिचे नाव विचारत.

त्या गुंडाळीवर हजारो बायकांची नावे आहेत. कुणाचे अक्षर वळणदार, कुणाचे थरथरते. संगणकावर ती शोधताही येतात. सून म्हणाली, "इथल्या लोकांना आपली पणजी यात सापडते." नातीने लगेच विचारले, "आपल्या पणजीचे नाव कुठे आहे?"

आम्ही म्हणालो, "बाळ, मतदारांच्या यादीत."

घरी परतल्यावर आम्ही पहिले काम केले ते आमच्या भागाची यादी पाहण्याचे. नुकतीच अठरा पूर्ण झालेली पुतणी तिच्यात नव्हती. तिचा अर्ज तिच्याच हाताने भरून घेतला. वाचक भगिनींनो, या रविवारी तुम्हीही यादी पाहा. घरातल्या प्रत्येक लेकीसुनेचे नाव आहे का, आणि बरोबर लिहिले आहे का, ते तपासा. आपल्याला २७० मीटर कागद चिकटवावा लागत नाही. एक ओळ वाचायची आहे, तेवढी तरी वाचू या.