ब्रेकवरचा पाय

माझ्या कामात गाडी नसते, गाडीचे आकडे असतात. चार चाकांचे चार वेग, ब्रेकच्या तेलाचा दाब, स्टिअरिंगचा कोन. हे सगळं दर काही मिलिसेकंदांनी नोंदलेलं. बंगळुरूतल्या एका काचेच्या इमारतीत बसून आमची टीम एबीएसच्या सॉफ्टवेअरचा एक लहानसा तुकडा लिहिते आणि तपासते. आजच्या पद्धतीची इलेक्ट्रॉनिक एबीएस बॉशने १९७८ साली बाजारात आणली, मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ती सक्तीची झाली. म्हणजे तुमच्या घरची गाडी त्यानंतरची असेल, तर तुमच्या पायाखाली ती आहेच. बहुतेकांच्या आयुष्यात ती एकदाही जागी होत नाही, आणि ते बरंच आहे.

माझ्या बाबांच्या पायाखाली ती जागी झाली, दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये. पुण्याहून साताऱ्याला येताना पाऊस होता, पुढचा टेम्पो अचानक थांबला आणि बाबांनी ब्रेक दाबला. त्यांच्या शब्दांत सांगायचं तर, "पेडल पायाखाली थडथडायला लागलं, खाली काहीतरी तुटल्यासारखं कर्रकर्र वाजलं, म्हणून मी पाय उचलला." गाडी टेम्पोवर जाऊन आदळली. कुणाला फार लागलं नाही. बंपर, रेडिएटर आणि आईच्या कपाळाला तीन टाके, एवढ्यावर भागलं. गॅरेजवाल्याने सांगितलं, ब्रेक उत्तम आहेत. नातेवाइकांनी सांगितलं, वय झालं. बाबा त्रेसष्ट वर्षांचे. त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं, गाडीवर कव्हर घातलं आणि कोरेगावच्या शेताकडे एसटीने जायला लागले.

दिवाळीत मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते थडथडणं म्हणजे बिघाड नव्हता, एबीएस तिचं काम करत होती. कागदावर आलेखसुद्धा काढून दाखवला. बाबा भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. आयुष्यभर भांडणाऱ्या भावकीच्या मधोमध उभं राहून त्यांनी बांध मोजलेत, त्यामुळे समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय. आलेख नीट पाहिला आणि म्हणाले, "तू स्वतः दाबलायस का कधी तसा?"

नव्हता दाबला. कंपनीच्या टेस्ट ट्रॅकवर गाडी चालवायला वेगळा परवाना लागतो. तो टेस्ट ड्रायव्हरांकडे असतो, आमच्याकडे त्यांनी पाठवलेल्या फायली येतात.

तर फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी रात्री मी कोइमतूरच्या बसमध्ये बसले. कोइमतूरच्या दक्षिणेला, चेट्टीपाळयमजवळ कारी मोटर स्पीडवे आहे. २.१ किलोमीटरचा ट्रॅक. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला, तो याच्या दुपटीहून मोठा. पण मला कारी आवडला तो नावामुळे. एस. करिवर्धन हे कोइमतूरचे गिरणीमालक. त्यांना रेसिंगचं वेड, आणि परदेशी रेसिंग कार परवडत नाहीत म्हणून हळहळत बसण्याऐवजी त्यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून एका माणसाच्या रेसिंग कार बनवल्या. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन, तोही कोइमतूरचाच, त्याची सुरुवात असल्याच गाडीतून झाली. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. २००३ मध्ये झालेल्या या ट्रॅकला त्यांचं नाव दिलं. आमच्या घरची पहिली गाडी मारुती ८००च होती. तिचं इंजिन रेसच्या गाडीत बसलं होतं, हे मला कुणी शाळेत असताना सांगायला हवं होतं.

दोन दिवसांच्या शिकवणीची फी एका बऱ्यापैकी फोनएवढी. आम्ही आठ जण होतो. पंपांच्या कारखानदाराचा कॉलेजात जाणारा मुलगा, कोचीचे एक दंतवैद्य, दोन सख्खे भाऊ जे एकमेकांशी बोलत नव्हते पण एकत्र आले होते, आणि बाकीचे माझ्यासारखे आयटीवाले. बाई मी एकटीच. त्याचा त्रास एवढाच झाला की हेल्मेट घालायची पद्धत शिकवणाऱ्याला वेणीचं काय करायचं ते माहीत नव्हतं. (शर्टाच्या आत सोडायची.)

मला वाटत होतं पहिल्या तासाला इंजिन गुरगुरेल. पहिला तास बसायला शिकण्यात गेला. पाठ सीटला पूर्ण टेकवून हात सरळ पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. आमचे शिक्षक निवृत्त रेसर, बारीक अंगाचे, कपाळावर विभूती, आवाज अतिशय हळू. ते इंग्रजीत म्हणाले त्याचा अर्थ असा, की जो माणूस सीटवर नीट बसलेला नाही तो स्टिअरिंग धरत नाही, स्टिअरिंगला लटकतो. मी लगेच बाबांची सीट आठवली. पाय लांब जावेत म्हणून मागे सरकवलेली, पाठ आडवी. तशा बसण्यात ब्रेकवर जोर द्यायला मागे आधारच मिळत नाही.

मग झेंडे. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा वेगवान गाडी येतेय. लाल म्हणजे सत्र थांबलं. हे भराभर झालं.

त्यानंतर वजन. गाडीचं वजन बदलत नाही, पण ते सतत इकडून तिकडे जात असतं. ब्रेक मारला की पुढच्या चाकांवर, ॲक्सिलरेटर दिला की मागच्यांवर, वळलं की बाहेरच्या बाजूला. कडेवर भरलेली कळशी घेऊन चालणारी बाई जसं पाणी सांभाळते, तसं ते सांभाळायचं. धक्का दिला की डचमळतं. प्रत्येक चाक रस्त्याला जिथे टेकतं ती जागा जेमतेम तळहाताएवढी. त्या चार तळहातांकडे पकड ठरावीक असते. ती ब्रेकवर खर्च करा नाहीतर वळण्यावर. दोन्ही एकदम पूर्ण मागितलं तर मिळत नाही. म्हणून ब्रेक सरळ रेषेत संपवायचा, मग वळायचं. हे सूत्र मला पाठ होतं, समीकरणासकट. ते पोटात जाणवतं, उजव्या बरगडीखाली, हे समीकरणात नव्हतं.

दुपारी जेवणात दहीभात होता. बाहेर ऊन असं की डांबर मऊ वाटावं.

तीन वाजता ज्यासाठी आले होते ते आलं. सरळ पट्ट्यावर टँकरने पाणी मारलं, शेवटी नारिंगी कोन उभे केले. शिक्षकांनी एका गाडीच्या एबीएसचा फ्यूज काढून खिशात टाकला. ताशी साठने यायचं, पहिल्या कोनाशी ब्रेक पूर्ण दाबायचा आणि पुढच्या कोनांना वळसा घालायचा. आधी फ्यूजशिवाय.

चाकं जाम झाली. आवाज आला तो किंचाळण्याचा नव्हता, ओल्या रस्त्यावर तो फरपटल्याचा, सस्स असा असतो. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, आणखी फिरवलं. गाडी सरळच गेली, एखादी साबणवडी फरशीवरून जावी तशी, आणि कोन चिरडून थांबली. न फिरणाऱ्या चाकाला दिशा नसते. तुम्ही ते कुठेही वळवा, ते घसरतच राहतं. कामात आम्ही याला शंभर टक्के स्लिप म्हणतो. सर्वांत चांगली पकड साधारण दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे चाक गाडीपेक्षा थोडंसं हळू फिरत असताना. तिथेच चाकाला धरून ठेवण्यासाठी एबीएस दाब सोडते, धरते, सोडते, धरते, सेकंदाला अनेकदा.

मग फ्यूज लावला. परत साठ, परत तोच कोन. पाय आपटला.

थडथडणं हा शब्द बाबांनी अचूक वापरला होता. पेडल पायाला मागे ढकलत होतं, कुणीतरी खालून हातोडी मारावी तसं. आणि आवाज दळणाच्या चक्कीत खडा गेल्यासारखा. मला काय होणार ते मिलिसेकंदापर्यंत माहीत होतं, त्या आवाजाचा पंप कुठे बसवलेला असतो तेही माहीत होतं, तरी माझी पोटरी पाय उचलायला निघाली. बाजूला बसलेले शिक्षक तेवढ्यात ओरडले, दिवसभरात पहिल्यांदाच: "दाबून ठेव!" मी दाबून ठेवला, स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी वळली. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना वळली. कोन जागेवर उभे.

मी अकरा वेळा केलं. दंतवैद्यांनी पहिल्या तिन्ही वेळा मधेच पाय उचलला आणि तिन्ही वेळा शपथेवर सांगितलं की नाही उचलला. शिक्षक म्हणाले, प्रत्येक तुकडीत निम्मे जण उचलतात. आमच्याकडे ग्राहकांच्या तक्रारी येतात, 'ब्रेक दाबल्यावर पेडल हादरतं.' त्यावर ठरलेलं उत्तर जातं, 'यंत्रणा अपेक्षेप्रमाणे काम करत आहे.' यंत्रणा करते. अपेक्षा कुणाची, ते त्या उत्तरात येत नाही.

दुसरा दिवस रेषेचा. वळणाला बाहेरून यायचं, आतल्या कडेला उशिरा शिवायचं, परत बाहेर निघायचं, म्हणजे वळणाचा घेर मोठा होतो आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर लवकर वेग घेता येतो. नजर मात्र जिथे आहोत तिथे नाही, जिथे जायचंय तिथे. खड्ड्याकडे बघत सायकल चालवणारं पोर खड्ड्यातच जातं, तेच इथे. शेवटच्या सत्रात मी मजेत होते, हे लिहायलाच हवं. पंपवाल्यांचा मुलगा मला दोनदा ओलांडून गेला आणि मला काहीही वाटलं नाही.

मार्चमध्ये साताऱ्याला गेले. रविवारी सकाळी एमआयडीसीत कुत्र्यांशिवाय कुणी नसतं. बाबा आले, पण शेजारच्या सीटवर. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता, रस्ता ओला. मागे-पुढे बघून मी चाळीसवर ब्रेक आपटला. थडथडलं. बाबांनी डॅशबोर्ड धरला. दुसऱ्यांदा केलं तेव्हा नाही धरला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं.

"पाय हलतोय तुझा."

"हलणारच. उचलायचा नाही फक्त."

ते उतरले, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले. मी सीट पुढे घेतली, पाठ उभी केली. मनगट टेकवून पाहायला सांगितलं तर पाहिलं, काही बोलले नाहीत. रस्त्याच्या कडेला एक वीट ठेवली, तिथे दाबायचं. पहिल्यांदा त्यांनी उचलला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा कर्रकर्र सुरू झालं आणि संपेपर्यंत चालू राहिलं, गाडी थांबून बंद पडली, कारण क्लच दाबायचा राहिला होता.

बाबा खाली उतरले. पुढच्या चाकापासून विटेपर्यंत मोजणीदाराच्या ठरावीक पावलांनी चालत गेले, ओठ हलत होते. पंधरा. पाय उचलला होता त्या वेळची जागा त्यांनी दगड ठेवून राखली होती. तिथपर्यंतही गेले आणि तिथूनच हाक मारली, "डिकीत टेप आहे बघ. काढ."