पसरणीचा घाट आणि झिजलेली साखळी

वाईला ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन आपण पाचगणीकडे निघालात की पसरणी गावापाशी घाट सुरू होतो. डोंगराला बिलगून वळणे घेत रस्ता वर चढतो आणि खाली धोम धरणाचे पाणी हळूहळू उलगडत जाते. मोटारीतून जाणाऱ्याला हा घाट केव्हा संपला ते कळतही नाही. सायकलवरून जाणाऱ्याला मात्र सुमारे १२ किलोमीटरांत ६०० मीटरांची चढण पायांनी मोजावी लागते.

याच घाटात माझे एक रुग्ण, सत्तरीतले गृहस्थ, गिअरच्या सायकलवरून पडले. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला आणि म्हणाला, "डॉक्टर, आता तुम्हीच बाबांची सायकल बंद करा." मी बाबांना एकच प्रश्न विचारला, "आधी चक्कर आली, की आधी पाय निसटला?"

ज्येष्ठांची देखभाल करणाऱ्या प्रत्येकाने पडण्याच्या प्रसंगानंतर असे विचारून घ्यावे. आधी डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, छातीत दुखले असेल किंवा तोल गेला असेल, तर सायकल ठेवून तपासणी करून घ्यावी. बाबा म्हणाले, "पेडलवर जोर दिला, 'खट्' आवाज झाला आणि पाय एकदम पोकळीत गेला." रक्तदाब उभ्याने व बसून पाहिला, नजर, तोल, औषधे तपासली. दोष सापडेना. मग सायकल पाहिली.

साखळी ताणली गेली असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणले जात नाही. घाटातील धूळ तेलात मिसळली की तिचे खरखरीत लुकण होते. ते कड्यांमधील पिना झिजवते आणि साखळी लांबते. लांबलेली साखळी दात्यांत नीट बसत नाही व चढणीवर जोर येताच उसळते. वरून ती चकचकीत दिसते, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये, मोजावे.

फूटपट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवावा. दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असल्याने पुढची २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती सुमारे दीड मिलिमीटर पुढे गेली असेल, तर साखळी बदलण्याची वेळ आली असे समजावे. तीन मिलिमीटरांपर्यंत गेली, तर बहुधा मागची दातेरी चक्रेही झिजलेली असतात. अशा चक्रांवर नवी साखळी बसवली तरी ती निसटतेच. बाबांची साखळी तीन मिलिमीटर लांबली होती. वेळेवर केवळ साखळी बदलली असती, तर मागच्या चक्रांचा खर्च वाचला असता.

नवी साखळी घेताना महागडी मागू नका, जुळणारी मागा. बाबांची सायकल '२७ गिअरची' म्हणून विकलेली. पुढे ३ आणि मागे ९ चक्रे, म्हणून २७. परंतु साखळी मागच्या चक्रांच्या संख्येवरून निवडायची असते, म्हणजे त्यांना ९ गिअरची हवी. मागे जितकी चक्रे अधिक, तितकी साखळी अरुंद, त्यामुळे ८ ची ९ वर चालत नाही. लांबी ठरवताना जुन्या साखळीच्या कड्या मोजाव्यात. झिजलेली साखळी शेजारी धरून केवळ लांबी जुळवू नये. मात्र जुन्या साखळीची लांबी मुळात योग्य होती ना, हे जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावे. बसवल्यावर पहिली फेरी सपाट रस्त्यावर, कमी जोर लावून मारावी.

बाबांनी तसे केले. पुढच्या रविवारी पहाटे, रहदारी वाढण्यापूर्वी, आम्ही पसरणीहून निघालो. मुलगा स्कूटरवरून मागे होता. बोलता येईल इतकाच दम लागावा, एवढ्या संथपणे आम्ही चढलो. अवघड वळणावर बाबांनी पेडलवर जोर दिला. मुलाने श्वास रोखला असावा, कारण स्कूटरचा आवाज क्षणभर मंदावला. साखळी मात्र मुकाट्याने चालत राहिली.

पाचगणीत सिल्व्हर ओकच्या सावलीत आम्ही चहा घेतला. मुलगा सायकलपाशी वाकला होता. त्याच्या हातात फूटपट्टी होती. "दर महिन्याला मोजीन," तो म्हणाला. सायकल बंद करण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

आपल्या घरातील ज्येष्ठांच्या हातून एखादे साधन काढून घेण्याआधी त्या साधनाचीही एकदा तपासणी करा.