हुकूम पाळणारे सापडले, देणारा सुटला
२७ जून १९१८. जर्मन पाणबुडी यू-८६ने आयर्लंडजवळ ‘लँडोव्हरी कॅसल’ हे रुग्णालय-जहाज बुडवले. साक्षीदार उरू नयेत म्हणून जीव वाचवणाऱ्या होड्यांवरही गोळे डागले. २३४ माणसे मेली. त्यांत कॅनडाच्या १४ परिचारिका.

खटले सोपवले जर्मनीकडेच! १९२१ मध्ये लाइपझिगच्या न्यायालयाने दोन कनिष्ठ अधिकाऱ्यांना ४-४ वर्षे शिक्षा दिली. उघड बेकायदा हुकूम पाळला, हा बचाव होऊ शकत नाही, असे बजावले. दोघेही तुरुंगातून पळाले. हुकूम देणारा कप्तान पात्झिग कोर्टापुढे आलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा नौदलात!

म्हणून मित्रांनो, आम्ही निकालातल्या तत्त्वावर समाधान मानत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात कोण नाही, हे आम्ही आधी पाहतो.