गोदा-मांजरेच्या खोऱ्यातील परमुलुखी घराणी

नांदेड-हैदराबाद रस्त्यावरील नायगाव आणि त्याला लागून असलेले बिलोली, देगलूर, धर्माबाद हे तालुके १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यातील लष्कर, व्यापार आणि देवस्थानांच्या जमिनी यांच्या ओघाने पंजाब, तेलंगण व मारवाडातील घराणी या मुलुखात येऊन वसली. त्यांचा इतिहास घरोघरच्या आख्यायिकांपेक्षा महसुली दप्तरांतून अधिक भरवशाने लिहिता येतो.

यांपैकी नांदेडच्या शिखांच्या आगमनाचा काळ सर्वांत स्पष्ट आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचे नांदेडला देहावसान झाल्यावर काही अनुयायी तेथेच राहिले. पुढे १८३२ च्या सुमारास महाराजा रणजितसिंगांनी समाधिस्थळी गुरुद्वाराचे बांधकाम सुरू करविले आणि त्याच सुमारास दिवाण चंदूलाल यांच्या काळात ‘लाहोरी फौज’ या नावाने ओळखले जाणारे शीख सैनिक निजामाच्या चाकरीत दाखल झाले. दख्खनी शीख म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या वंशजांत ग्रंथी, पुजारी, लांगरी ही सेवेवरून आलेली आडनावे आहेत, तशीच कामठेकर, वासरीकर ही अस्सल मराठी घडणीची, गावावरून पडलेली आडनावेही आहेत.

पूर्वेकडे तेलुगू मुळाची घराणी अधिक आढळतात. ‘वार’ने संपणारी आडनावे वैश्य, शेतकरी आणि ब्राह्मण अशा निरनिराळ्या समाजांत असल्यामुळे केवळ त्यांवरून जात किंवा मूळ गाव ठरविणे धोक्याचे ठरते. गोदावरी-मांजरेच्या संगमावरील कंदकुर्ती हे हेडगेवार घराण्याचे मूळ गाव. तेथून ते घराणे नागपूरला गेले, म्हणजे या खोऱ्यातून माणसे बाहेरही जात होती.

वंशशोधाला खरा आधार मुंतखबाचा. मुंतखब म्हणजे इनामाच्या चौकशीअंती दिलेल्या निर्णयाचा उर्दू कागद, ज्यात इनामदार, जमीन आणि सेवेची अट नोंदलेली असते. इनामदार वारल्यावर होणाऱ्या वारसा-चौकशीच्या फायलीत ‘शजरा’, म्हणजे वंशवृक्ष, जोडलेला सापडतो. त्यात मूळ पुरुषाखाली मुलगे व नातू ओळीने उतरतात, मुलींची नावे मात्र बहुधा गाळलेली असतात आणि विधवा दिसते ती पुत्र नसेल तेव्हा. अर्ध्या घराण्याला वगळणारा हा वृक्ष पूर्ण मानणे अभ्यासाला शोभत नाही. इनाम नसलेल्या कुटुंबांना मराठवाड्यातील १९५४-५५ चे खासरा पत्रक, म्हणजे शेतवार कब्जाची नोंद, उपयोगी पडते.

एक अडचण सीमेची आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे निजामाबादकडे, तर मुधोळ व भैंसा भाग आदिलाबादकडे गेला, आणि २०१६ मध्ये तेलंगणाने त्यांचे जिल्हे पुन्हा बदलले. म्हणून एकाच घराण्याचा माग घेताना दोन राज्यांतील कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागतात.

मराठा आरक्षणाच्या प्रश्नामुळे २०२३ पासून निजामकालीन नोंदींकडे शासनाचे लक्ष वेधले गेले, हे बरेच झाले. परंतु मोडी आणि जुनी उर्दू वाचू शकणारी माणसे थोडी उरली आहेत. ज्यांच्या घरी असे कागद असतील, त्यांनी ते लॅमिनेट न करता जसेच्या तसे जपावेत, त्यांची छायाचित्रे काढावीत आणि जाणकाराकडून लवकर वाचून घ्यावेत.