रिकामा बार

रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढला तर ते बिघडते का, हे मी प्रत्येक नवे पिस्तूल हातात घेताना विचारायला हवे होते. मी विचारले नाही. आधीच्या पिस्तुलाचे उत्तर पुढच्याला लावत गेले आणि दर वेळी चुकले. शेवटची चूक दुसरीला भोवली, म्हणून हे सगळे लिहून काढते आहे.

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने पालेमबांगला २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तेव्हा मी मुलुंडला कॉलेजात होते. घरच्यांच्या मागे लागून एक साधे स्प्रिंगचे एअर पिस्तूल घेतले. ४.५ मिलिमीटरचे आणि २० ज्यूलच्या आतले असल्याने त्याला परवाना लागत नव्हता. नेमबाज रोज 'ड्राय' करतात, एवढे ऐकून होते. दहा मीटरवरच्या टार्गेटचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा असतो. आमची भिंत दोन मीटरवर, म्हणून साधारण १२ मिलिमीटरचा ठिपका तिच्यावर चिकटवला आणि रोज रात्री छर्रा न भरता ट्रिगर ओढत राहिले.

स्प्रिंगच्या पिस्तुलात ट्रिगर सुटला की पिस्टन पुढे झेपावतो आणि समोरची हवा दाबतो. नळीत छर्रा असेल तर तो हवेला क्षणभर अडवतो, आणि त्या दाबलेल्या हवेवरच पिस्टनचा वेग मरतो. छर्रा नसला की हवा सरळ निघून जाते आणि पिस्टन सगळ्या जोराने पुढच्या धातूवर आदळतो. हा आघात मी त्याला रोज देत होते. आवाज बदलत गेला, तो मला कळतही होता, पण नवी वस्तू मुरते आहे अशी मी स्वतःची समजूत घातली. शेवटी छर्रा टार्गेटपर्यंत धड पोहोचेना. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवले तेव्हा वॉशर फाटला होता आणि स्प्रिंगही गेली होती.

'रिकामा बार कधीच काढायचा नाही' एवढेच मी त्यातून उचलले. दुरुस्त होऊन आलेल्या पिस्तुलात आता मी घरात छर्रे भरू लागले. चिंध्या कोंबलेला खोका दाराला टांगला. एकदा नेम चुकला, छर्रा लोखंडी चौकटीवर आपटून उलटा आला आणि अभ्यासाला बसलेल्या भावाच्या कानाजवळून गेला. पिस्तूल जपण्याच्या नादात मी त्याच्या डोळ्याशी खेळले होते. आईने त्या दिवशी पिस्तूल कुलपात ठेवले, ते योग्यच केले.

पुढे रेंजवर मॅचचे एअर पिस्तूल मिळाले. त्याच्या नळीखालच्या सिलिंडरमध्ये हवा आधीच दाबून भरलेली असते. ड्रायची सोय वेगळी असते : ती लावली की ट्रिगर खऱ्यासारखाच सुटतो, पण आतला हातोडा व्हॉल्व्हवर पडत नाही, हवा सुटत नाही. ते पिस्तूल ड्रायसाठीच घडवलेले. तरी मी भीतीने ती सोय वापरलीच नाही. ट्रिगर सुटण्याआधी माझे मनगट खाली झुकायचे. आवाज आणि धक्का नसताना तेच तर दिसते आणि सुधारते. तो सगळा हंगाम मी फुकट घालवला. रेंजवरच्या सरांनी समोर उभे करून ड्राय करायला लावले, तेव्हा कुठे भीती गेली.

भीती गेली आणि विचारणेही गेले. पॉइंट टू-टूच्या पिस्तुलावर आले ते हीच सवय घेऊन. हे परवान्याचे हत्यार, क्लबचे, रेंजवरच राहणारे. त्याच्या काडतुसाची पेटणारी दारू बुडाच्या कडेत असते, म्हणून फायरिंग पिन मध्यावर न मारता कडेवर मारते. काडतूस नसेल तर काही पिस्तुलांत ती पिन थेट चेंबरच्या पोलादी कडेवर बसते. काडतूस मध्यावर पेटणाऱ्या बहुतेक आधुनिक पिस्तुलांना थोड्याफार ड्रायने काही होत नाही. टू-टूच्या बाबतीत मात्र माहितीपुस्तक बघावे लागते, डमी काडतूस घालावे लागते. डमी डब्यात होते. मी ते बाहेर काढले नाही.

एका संध्याकाळी साफ करताना चेंबरच्या कडेला नखाला काहीतरी खुपले. पिनने पाडलेला खळगा आणि त्याची वर आलेली धार. मला लगेच कळले. मी पिस्तूल पुसले, खोक्यात ठेवले, नेहमीसारखी वहीत सही केली आणि लोकल पकडली.

दोन दिवसांनी क्लबच्या चाचणीत ते पिस्तूल एका ज्युनिअर मुलीला मिळाले. रॅपिड टप्प्यात टार्गेट प्रत्येक गोळीला फक्त ३ सेकंद समोर असते. काडतूस पूर्ण आत बसेना, पिस्तूल अडले. नियमाप्रमाणे तिला पुन्हा संधी मिळाली, पण हात कापायला लागला होता आणि ती संघाबाहेर राहिली. मी मागे खुर्चीवर बसून हे पाहिले.

सरांना मी त्या रात्री फोन केला. चेंबरची कड दुरुस्त झाली, खर्च मी भरला, आणि त्या पिस्तुलाच्या खोक्यावर डमीची सूचना चिकटवली गेली. त्या मुलीची समजूत अजून अशी आहे की काडतूस भरताना तिचीच घाई झाली. सरांनी सांगायचे माझ्यावर सोडले होते आणि मी सांगितले नाही. हा मजकूर छापायला देण्याआधी तिला वाचायला देते आहे.