18 टक्क्यांचा वाटेकरी

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतली आमची फाउंड्री वडिलांनी आणि काकांनी उभी केली. काका गेल्यावर त्यांचे 18 टक्के शेअर्स चुलतभावाकडे आले. तो पुण्यात नोकरीला. त्याने ताळेबंदावर प्रश्न काढला की माझं डोकं फिरायचं. भट्टीसमोर घाम आम्ही गाळायचा आणि याने नुसता हिशेब मागायचा!

त्याचा प्रश्न एकच असे: डिव्हिडंड का नाही? मी म्हणायचो, नफा धंद्यात घातला. हे अर्धंच खरं होतं. माझा पगार, मुलाचा पगार, गाडी, डिझेल हे सगळं नफा काढण्याआधीच खर्ची पडत होतं. त्याच्या हाती नुसता कागद. तो विकणार तरी कुणाला? आमच्या नियमावलीप्रमाणे बाहेरच्याला शेअर्स द्यायचे तर संचालकांची, म्हणजे माझीच, संमती लागायची. प्रश्न विचारण्याखेरीज मी त्याला दुसरं काही ठेवलंच नव्हतं.

तेव्हा मात्र मी डावपेच लढवत बसलो. सर्वसाधारण सभेची नोटीस 21 दिवस आधी जायला हवी. ती मुद्दाम उशिरा धाडली. मग राइट्स इश्यू काढला, म्हणजे असलेल्या भागधारकांनीच पैसे भरून नवे शेअर्स घ्यायचे. कारण नव्या यंत्राचं, पण त्याच्याकडे रोकड नाही हे मला ठाऊक होतं. हिस्सा 10 टक्क्यांखाली घसरला की कंपनी कायद्याच्या कलम 241 खाली दाद मागायचा त्याचा हक्क जाईल, असा माझा हिशेब. त्याच्या वकिलाने तो एका परिच्छेदात मोडला: भांडवलाचा एक दशांश नसला, तरी सभासदसंख्येचा एक दशांश पुरतो. आमचे सभासद होते सहा. तो एकटाच पुरेसा होता.

प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या (एनसीएलटी) मुंबई खंडपीठापुढे गेलं. कॅश क्रेडिट वाढवायला गेलो, तर बँकेने आधी या प्रकरणाचाच खुलासा मागितला. अखेर इश्यू गुंडाळला, दोघांना मान्य असलेल्या व्हॅल्युअरकडून किंमत काढली आणि त्याचे शेअर्स हप्त्यांनी घेतले. पहिल्या पत्रालाच हे सुचवलं असतं, तर वकिलांची फी तरी वाचली असती.

आता माझे शेअर्स मुलगा आणि नाशिकला असलेली मुलगी यांच्यात वाटले जातील. डिव्हिडंड किती, घरच्यांचे पगार किती, बाहेर पडताना किंमत कशी काढायची, हे करारात घातलंय.

मुलगा म्हणाला, “बाबा, ताईवर एवढा अविश्वास?”

म्हटलं, “तिच्यावर नाही, तुझ्यावर. खुर्चीत तू बसणार आहेस.”