उपरी

परवा सोसायटीच्या मीटिंगला गेलो होतो. विषय टँकरचा. मी काही बोलणार तेवढ्यात एक काका शेजारच्याला म्हणाले, "उपरेच ते, वर्षभराने जातील." राग आला खरा. पण शनिवार मोकळा होता, म्हटलं बघू तरी हा शब्द आला कुठून!

तर मंडळी, 'उपरा' म्हणजे परका, एवढं आपल्याला ठाऊक असतं. लक्ष्मण माने यांच्या 1980 च्या आत्मकथनाचं नावही तेच. पण त्याचा जुना भाऊ 'उपरी' ही शिवी नव्हती. ती महसुलातली चक्क एक कॅटेगरी होती!

मूळ 'उपर', संस्कृतात उपरि, म्हणजे वर. गावच्या मुळातला नाही, वरून आलेला. पेशवाईत शेतकऱ्यांचे दोन मुख्य प्रकार. एक मिरासदार. मिरास हा शब्द अरबीतून आलेला, अर्थ वारसा. त्याची जमीन पिढीजात, विकता येई, गाव सोडून गेला तरी परत येऊन हक्क सांगता येई. गावच्या निवाड्यात त्याला मान. दुसरा उपरी. परगावचा, ठरावीक मुदतीच्या बोलीवर जमीन कसणारा. वारसाहक्क नाही, बैठकीत मान नाही. ओळखीचं वाटतंय ना? आपलं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट!

पण खरी गंमत पुढे आहे. मिरासदार पूर्ण सारा भरायचा, उपरीला मात्र बऱ्याचदा सवलत मिळायची. लढाया-दुष्काळांत गावं ओस पडत, जमिनी पडीक राहत आणि सारा बुडे. मग बाहेरच्यांना बोलावून 'कौल' दिला जाई. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, पुढे दरवर्षी थोडा थोडा वाढणारा. त्याला इस्तावा म्हणत. म्हणजे उपरी हा आगंतुक नव्हता, गरजेपोटी बोलावलेला माणूस होता.

मग तो गेला कुठे? 1836 साली आमच्याच इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी आकारणी लागू झाली. सारा ठरला जमिनीच्या प्रतीवर, आणि तो भरेल तो खातेदार. मिरासदार-उपरी हा भेद हळूहळू कागदावरून पुसला गेला. कौल गेला, सवलत गेली, उरला नुसता परकेपणा.

ताथवड्यात हे जरा जास्तच जाणवतं. 2009 मध्ये गाव महापालिकेत आलं, शेतांच्या जागी टॉवर आणि कॉलेजं झाली. त्यांत राहायला माणसं हवी होती, म्हणून आम्ही आलो. कोणी लातूरचा, कोणी पाटण्याचा. आमच्या भाड्यावर कोणाचा हप्ता फिटतो, कोणाची मेस चालते. सवलत सोडाच, डिपॉझिट आधी मोजून घेतात.

गावाकडे सातबाऱ्यावर वडिलांचं नाव आहे. म्हणजे तिथे मी मिरासदार, इथे उपरी. फरक एवढाच की मताचा हक्क आता जमिनीला नाही, राहण्याला चिकटलेला आहे. म्हणून मतदारयादीतलं नाव इकडे आणायचा फॉर्म भरला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आता तू तिकडचाच?"

मी म्हटलं, "मिरासदाराला केव्हाही परत येता येतं गं." तिला ते पटलं की नाही, कळलं नाही.